लेबल गेलेल्या बाटलीत काय आहे? कॉम्प्युटरच्या मदतीनं आयआर स्पेक्ट्रम वाचायला शिका

कपाटाच्या मागच्या रांगेत रंगहीन द्रवाची एक छोटी बाटली सापडते. लेबलवरची शाई पूर्ण उडालेली. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या रिपोर्टवरून एवढंच कळतं की सूत्र सी८एच८ओ२ आहे, रेणुभार १३६. या एका सूत्रात मिथाइल बेंझोएट बसतं, फिनाइल अ‍ॅसिटेट बसतं, बेंझाइल फॉर्मेट, अ‍ॅनिसाल्डिहाइड, हायड्रॉक्सिअ‍ॅसिटोफिनोन, फिनाइलअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि टोलुइक अ‍ॅसिडही बसतात. अणू तेच, जोडणी वेगळी. यातलं नेमकं कोणतं, हे आयआर स्पेक्ट्रम (पदार्थ अवरक्त किरण कुठे किती शोषतो त्याचा आलेख) आणि कॉम्प्युटर मिळून कसं ठरवायचं, ते या लेखात याच बाटलीला धरून पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. सॉफ्टवेअर जे नाव देतं तो फक्त एक दावा असतो. तो दावा खरा असेल तर कुठली पीक्स (शोषणाची टोकं) दिसायलाच हवीत आणि कुठली दिसता कामा नयेत, हे तपासायचं काम आपलं. नवखी मुलं दिसणाऱ्या पीक्सच्या मागे लागतात. मुरलेला माणूस आधी न दिसणाऱ्या पीक्सकडे बघतो.

पायरी १: स्पेक्ट्रम नीट घ्या

खराब स्पेक्ट्रममधून कॉम्प्युटर चांगलं उत्तर काढू शकत नाही. त्यामुळे इथे घाई करू नका.

सध्या बहुतेक ठिकाणी एटीआर असतं, म्हणजे हिऱ्याच्या छोट्या स्फटिकावर थेंब ठेवायचा आणि स्कॅन घ्यायचा. स्फटिक आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच बॅकग्राउंड (नमुन्याशिवायचा स्कॅन) घ्या. अ‍ॅसिटोननं पुसून लगेच नमुना ठेवला तर १७१५ सेंमी⁻¹ च्या आसपास (हा वेव्हनंबर, आलेखाचा आडवा अक्ष; पुढे पिकांच्या जागा याच एककात आहेत) अ‍ॅसिटोनचंच पीक येतं, आणि पुढे तासभर तुम्ही नसलेल्या कीटोनच्या शोधात घालवता. ४ सेंमी⁻¹ रिझोल्यूशन आणि १६ किंवा ३२ स्कॅन एवढं रोजच्या कामाला पुरतं.

हवेतल्या दोन गोष्टी नेहमी मध्ये येतात. कार्बन डायऑक्साइड २३४९ ला आणि ६६७ ला दिसतो. पाण्याची वाफ ३९०० ते ३५०० आणि १८०० ते १३५० या पट्ट्यांत बारीक, टोकदार रेषांचं गवत उगवल्यासारखी दिसते. दुसरा पट्टा नेमका कार्बोनिलच्या (सी=ओ गटाच्या) जागेवर पडतो, म्हणून तो जास्त त्रासाचा. बॅकग्राउंड जुना झाला असेल तर नवा घ्या. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी करत असाल तर पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, पावडर ओव्हनमध्ये नीट सुकवलेली हवी. नाहीतर ३४०० च्या आसपास रुंद बँड आणि १६४० जवळ छोटं पीक येतं. ते पाणी असतं, पण प्रोग्राम त्याला अल्कोहोल म्हणून मोकळा होतो.

मशीनचा काटा बरोबर आहे का, हे पॉलिस्टायरिनच्या फिल्मवर तपासतात. तिचं एक पीक १६०१.२ ला यायला हवं. ते १६०५ ला येत असेल तर तुमचं प्रत्येक पीक सरकलेलं आहे, आणि लायब्ररी सर्च (साठवलेल्या ओळखीच्या स्पेक्ट्रमशी तुलना) कितीही महागडा असला तरी फसणार.

नमुना बाहेर पाठवत असाल, समजा पवईच्या आयआयटीतल्या ‘सैफ’ सारख्या केंद्राकडे, तर पीडीएफवर समाधान मानू नका. डेटा फाइलही मागून घ्या. छापलेल्या चित्रावर कॉम्प्युटरला काहीच करता येत नाही.

पायरी २: फाइल वाचण्याजोगी करा

स्पेक्ट्रमची देवाणघेवाण करायला ‘जेकॅम्प-डीएक्स’ नावाचं फॉर्मॅट आहे. ते १९८८ साली प्रसिद्ध झालं आणि आजही चालतं. ते नसेल तर साधी सीएसव्ही चालेल: एका कॉलममध्ये वेव्हनंबर, दुसऱ्यात मोजलेली किंमत. ४००० ते ४०० पर्यंत साधारण १,८०० बिंदू असतात. पायथन येत असेल तर नमपाय आणि सायपाय या दोन लायब्रऱ्यांवर पुढचं बरंचसं काम भागतं. येत नसेल तर मशीनबरोबरचं सॉफ्टवेअर किंवा एक्सेलही पुरे.

पहिलं काम म्हणजे ट्रान्समिटन्सचं (नमुन्यातून पार गेलेल्या प्रकाशाच्या टक्क्यांचं) अ‍ॅब्सॉर्बन्स करणं: २ वजा टक्के ट्रान्समिटन्सचा लॉग. १० टक्के म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स १, एक टक्का म्हणजे २. पुस्तकातली चित्रं ट्रान्समिटन्समध्ये असतात आणि डोळ्यालाही त्यांचीच सवय असते, पण पदार्थाच्या प्रमाणाशी सरळ संबंध अ‍ॅब्सॉर्बन्सचा आहे. तुलना, वजाबाकी, बेसलाइन सगळं त्यावरच करायचं. मिठाच्या (केबीआरसारख्या) दोन चकत्यांमधल्या फिल्मवर मोजलं असेल आणि पिकाचं टोक तळाला जाऊन चपटं झालं असेल, तर नमुना जाड झालाय. तो पातळ करून पुन्हा घ्या, गणितानं ते दुरुस्त होत नाही.

एटीआरमध्ये किरण नमुन्यात किती खोल शिरतो हे तरंगलांबीवर अवलंबून असतं. त्यामुळे कमी वेव्हनंबरची पीक्स फुगलेली आणि सी-एचची पीक्स बारकी दिसतात. जोरदार पीक्स थोडी खाली सरकतातही. लायब्ररी ट्रान्समिशनची असेल तर सॉफ्टवेअरमधलं ‘एटीआर करेक्शन’ आधी लावा.

स्मूदिंगला हात आखडता ठेवा. सॅव्हिट्स्की-गोले फिल्टरची खिडकी ९ बिंदूंची ठेवली तर गोंगाट कमी होतो. २५ ची केली तर १६०२ आणि १५८४ ही बेंझीन कड्याची जोडी एकमेकांत मिसळून जाऊ शकते. नेमकी तीच जोडी आपल्याला हवी असते.

मग पीक पिकिंग. सायपायमध्ये ‘फाइंड पीक्स’ नावाचं फंक्शन आहे. त्यात नुसत्या उंचीपेक्षा ‘प्रॉमिनन्स’ ची अट लावा, म्हणजे पीक आजूबाजूच्या जमिनीपासून किती वर उठलंय ते बघितलं जातं. आपल्या बाटलीची यादी अशी निघते: ३०६५ जवळ बारकं, २९५२, १७२४ (सगळ्यांत जोरदारांपैकी), १६०२, १५८४, १४५२, १४३६, १२७९ (फार जोरदार), १११२ (जोरदार), १०२८, ७११ (जोरदार). शिवाय ३४३० च्या जवळ एक अगदी छोटा उंचवटा. तो लक्षात ठेवा.

पायरी ३: सूत्राकडून जेवढं फुकट मिळतं तेवढं घ्या

सूत्र माहीत असेल तर आधी अनसॅच्युरेशनचा आकडा (रेणूत कडी आणि दुहेरी बंध मिळून किती) काढा: कार्बनची संख्या, वजा हायड्रोजनचे निम्मे, अधिक नायट्रोजनचे निम्मे, अधिक १. इथे ८ वजा ४ अधिक १, म्हणजे ५. बेंझीनच्या कड्यात ४ जातात, कार्बोनिलमध्ये १. हिशोब पुरा. नायट्रोजन नाही, म्हणजे अमाइड, नायट्राइल, नायट्रो हे सगळे गट प्रोग्रामला दिसण्याआधीच बाद करता येतात. सॉफ्टवेअरमध्ये मूलद्रव्यांची अट घालायची सोय असेल तर ती नक्की वापरा.

आणि नमुना द्रव आहे. फिनाइलअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि टोलुइक अ‍ॅसिडं खोलीच्या तापमानाला घन असतात. हा पुरावा कुठल्याही फाइलमध्ये नसतो, पण तो डोळ्यासमोर असताना सोडू नये.

पायरी ४: नियमांची चाळणी

कुठला गट कुठे शोषतो याचा नॉर्मन कोल्थपनं केलेला तक्ता १९५० साली छापून आला, आणि त्याच्या वारसदार प्रती आजही प्रयोगशाळांच्या भिंतींवर लागलेल्या असतात. हीच रीत कॉम्प्युटरवर आणणारा एक महत्त्वाचा प्रोग्राम म्हणजे १९८० सालचा ‘पेअर्स’. मर्क कंपनीतल्या वुड्रफ आणि स्मिथ यांनी तो लिहिला. पिकाची जागा, जोर आणि रुंदी या तीन गोष्टी विचारत तो प्रत्येक गटाची शक्यता ठरवायचा. तुम्हीही एक्सेलमध्ये असा छोटा तक्ता करा, खरंच करा. गट, कुठून, कुठपर्यंत, जोर, रुंदी, आणि शेवटचा कॉलम ‘सोबत काय हवंच’. या शेवटच्या कॉलमनं तुमची समज जितकी वाढेल तितकी पाठांतरानं वाढणार नाही.

कारण एकटं पीक कधीच पुरेसं नसतं. १७२४ ला कार्बोनिल आहे, एवढ्यावर एस्टर, आल्डिहाइड, कीटोन हे कार्बोनिल असलेले गट सगळेच हात वर करतात. प्रत्येकाला त्याचे सोबती विचारायचे.

आल्डिहाइड असेल तर २७२० ते २७४० जवळ सी-एचचं पीक हवं. आपल्याकडे तिथे काही नाही. अ‍ॅनिसाल्डिहाइड गेलं, शिवाय त्याचं कार्बोनिल १७०० च्या खाली असतं. इथे एक बारकावा सांगतो: आल्डिहाइडचं दुसरं पीक २८२० ते २८४० ला असतं आणि मिथॉक्सीचंही (ओ-सीएच३ गटाचंही) एक तिथेच येतं, म्हणून निकाल २७४० च्या पिकावरच लावायचा.

अ‍ॅसिड असेल तर ३३०० पासून २५०० पर्यंत ढगासारखा पसरलेला बँड हवा. तो नाही.

२-हायड्रॉक्सिअ‍ॅसिटोफिनोन हा या यादीतला फसवा इसम. तोही द्रव आहे, आणि त्याचा ओ-एच शेजारच्या कार्बोनिलला धरून बसलेला असल्यानं त्याचा बँड इतका पसरट आणि फिका होतो की प्रोग्रामला दिसतच नाही. म्हणजे ‘ओ-एच सापडला नाही’ म्हणून त्याला काढून टाकणं चूक. पण त्याच पकडीमुळे त्याचं कार्बोनिल १६४० पर्यंत उतरतं. आपलं १७२४ आहे. आता तो गेला, आणि योग्य कारणानं गेला.

उरले एस्टर. एस्टरला तीन जोरदार पीक्स हवीत: एक कार्बोनिलचं, दोन सी-ओची. कार्बोनिल थेट बेंझीनच्या कड्याला जोडलेलं असेल तर ही तिकडी साधारण १७२०, १२८० आणि १११० ला बसते. आपल्याकडे १७२४, १२७९, १११२. फिनाइल अ‍ॅसिटेटमध्ये ऑक्सिजन कड्याला जोडलेला असतो, म्हणून कार्बोनिल १७६५ च्या आसपास चढतं आणि सी-ओचं मोठं पीक १२०० च्या जवळ येतं. बेंझाइल फॉर्मेट हा सगळ्यांत जवळचा प्रतिस्पर्धी, कारण त्याचं कार्बोनिलही १७२० च्याच घरात आहे. पण त्याचं सी-ओ ११६० जवळ असतं आणि १२८० ला असं दणदणीत काही नसतं.

आता तो ३४३० जवळचा उंचवटा. प्रोग्राम इथे हमखास ‘ओ-एच असू शकतो’ असं सुचवतो. १७२४ ची दुप्पट करून बघा: ३४४८. हा कार्बोनिलचाच ओव्हरटोन (साधारण दुप्पट वेव्हनंबरवरचा पडसाद) आहे, बारीक आणि अरुंद. खरा ओ-एच इतका नाजूक नसतो. आणि सूत्रातले दोन्ही ऑक्सिजन एस्टरमध्ये खर्च झालेत, तिसरा आणायचा कुठून?

दुसरी एक गडबड ७११ ला होते. एका जागी जोडणी असलेल्या कड्याला ७५० आणि ६९५ जवळ दोन जोरदार पीक्स हवीत, असा नियम तक्त्यात असतो. आपल्याकडे जोरदार एकच दिसतं, म्हणून प्रोग्राम कड्याबद्दल शंका दाखवेल. बेंझोएटमध्ये कार्बोनिल कड्याच्या हालचालीत मिसळतं आणि हा नियम मोडतो. ७१० जवळ एक ठळक पीक हीच उलट बेंझोएटची खूण. नियम कुठे मोडतो हे माहीत असणं, नियम माहीत असण्याइतकंच कामाचं आहे. असे अपवाद तुमच्या एक्सेलमध्ये लाल रंगात लिहून ठेवा.

पायरी ५: लायब्ररी सर्च

जपानच्या एआयएसटी संस्थेचा ‘एसडीबीएस’ आणि अमेरिकेच्या निस्टचं ‘केमिस्ट्री वेबबुक’ हे दोन्ही संग्रह फुकट पाहता येतात. निस्टकडे बरेच स्पेक्ट्रम वायुरूपातले आहेत. तिथे रेणू एकटा असतो, त्यामुळे कार्बोनिल द्रवापेक्षा वीसेक सेंमी⁻¹ वर दिसू शकतं आणि हायड्रोजन बंधाचे रुंद बँड गायब असतात. स्पेक्ट्रमखाली पदार्थाची अवस्था लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय तुलना करू नका.

सर्च म्हणजे आत काय होतं? दोन्ही स्पेक्ट्रम एकाच वेव्हनंबरच्या जाळीवर आणतात, प्रत्येकातून त्याची सरासरी वजा करतात आणि दोघांचा को-रिलेशन काढतात. त्यालाच हिट क्वालिटी म्हणतात. कुठे तो १ पैकी असतो, कुठे १०० पैकी, कुठे १००० पैकी. बेसलाइन वाकडी असेल तर पहिल्या डेरिव्हेटिव्हवर सर्च करा, वाकडेपणाचा परिणाम बराच कमी होतो. कार्बन डायऑक्साइडचा पट्टा वगळा.

आपल्या बाटलीसाठी हिट लिस्टमध्ये मिथाइल बेंझोएट आणि इथाइल बेंझोएट शेजारी शेजारी येणार, आकड्यांतला फरक अगदी थोडा. इथे वरचा आकडा बघून लिस्ट बंद करणं ही सर्वांत मोठी चूक. पहिल्या पाच नावांत समान काय आहे ते बघा: सगळे बेंझोएट असतील तर गटाबद्दल खात्री वाढते. मग फक्त १५०० ते ६५० एवढाच भाग निवडून सर्च पुन्हा करा. १४३६ चं पीक मिथॉक्सीच्या सीएच३ चं आहे. इथाइलमध्ये ते नसतं, त्याऐवजी १३६७ जवळ पीक येतं. शिवाय इथाइल बेंझोएटचा रेणुभार १५०, आपला १३६. हे सर्चला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं.

लायब्ररीची एक मर्यादा कायम डोक्यात ठेवा. जो पदार्थ तिच्यात नाही, त्याचं नाव ती कधीच देणार नाही. तरीही पहिला क्रमांक कुणाला तरी देईलच.

उलटंही घडतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका नमुन्याला १७३० चं पीक आलं आणि सर्चनं पहिल्या क्रमांकावर थॅलेट दिलं. मी एस्टर बनवत होतो, पीकही एस्टरचं, म्हणून मी ते नाव बाजूला सारलं आणि प्रयोग जमला असं धरून दोन दिवस पुढचं काम केलं. तो थॅलेटच होता: प्लास्टिकच्या नळीतून द्रावकात उतरलेला प्लास्टिसायझर. १६०० आणि १५८० ची जोडी आणि ७४० चं पीक समोर होतं, माझ्या एस्टरमध्ये बेंझीनचं कडंच नव्हतं. तेव्हापासून मी अनपेक्षित हिट आला की आधी विचारतो, हा पदार्थ माझ्या टेबलावर कुठून आला असेल? ग्रीसही असंच फसवतं. १२६०, १०९० ते १०२० आणि ८०० ही पीक्स एकत्र दिसली की सिलिकॉन ग्रीस समजा.

पायरी ६: लायब्ररीत नसेल तर

आता रेणूच कॉम्प्युटरकडून मांडून घ्यायचे. स्टॅनफर्डमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या ‘डेंड्रल’ प्रकल्पानं ही वाट पाडली, जरी तिथे मुख्य भर मास स्पेक्ट्रावर होता. जर्मनीतल्या बायरॉइटचं ‘मोलजेन’ हे सॉफ्टवेअर एका सूत्राच्या सगळ्या रचना काढून देतं. नुसत्या सी६एच६ च्या गणितानं २१७ रचना निघतात, यावरून गटांची चाळणी आधी का लावायची ते कळेल. ‘बेंझीनचं कडं हवं, एस्टर हवा, ओ-एच नको’ अशा अटी घातल्या की यादी हातात मावते. सोपा मार्ग हवा असेल तर पबकेम या रसायनांच्या मोफत संग्रहात सूत्रानं शोध घ्या आणि आरडीकिट या पायथन लायब्ररीनं गटाप्रमाणे गाळा.

उरलेल्या प्रत्येक रचनेचा स्पेक्ट्रम गणितानं काढता येतो. ऑर्का हा प्रोग्राम शैक्षणिक कामासाठी मोफत आहे. क्वांटम गणिताची बी३लिप पद्धत आणि ६-३१जी(डी) बेसिस सेट एवढ्यावर लहान रेणूचं काम साध्या कॉम्प्युटरवर होतं. निघणारे आकडे चढे असतात, म्हणून त्यांना सुमारे ०.९६ नं गुणतात: १८०० चं कार्बोनिल १७२८ होतं. हे गणित एकट्या रेणूचं असतं, त्यामुळे अ‍ॅसिड किंवा अल्कोहोलच्या बाबतीत ओ-एचच्या भागावर विश्वास ठेवू नका.

आणि न्यूरल नेटवर्क? आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये असं मॉडेल प्रसिद्ध केलं जे सूत्र आणि आयआर स्पेक्ट्रम घेऊन थेट रचना लिहितं. ६ ते १३ जड (हायड्रोजन सोडून इतर) अणूंच्या रेणूंवर त्याचं पहिलंच उत्तर सुमारे ४४ टक्के वेळा बरोबर आलं, आणि पहिल्या दहांत बरोबर उत्तर सुमारे ७० टक्के वेळा होतं. मला हे फार मोठं यश वाटतं, कारण इतकी माहिती आयआरमध्ये दडलेली आहे असं आधी कोणी सहज मानलं नसतं. पण १०० पैकी ३० वेळा खरं नाव पहिल्या दहांतही नव्हतं, हेही त्याच आकड्यांत आहे.

पायरी ७: शिक्कामोर्तब

मिथाइल बेंझोएटची खात्रीची बाटली मिळवा आणि त्याच मशीनवर, त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर तिचा स्पेक्ट्रम घ्या. दोन्ही एकमेकांवर ठेवा. फिंगरप्रिंटचा भाग (१५०० च्या खालचा) मोठा करून एकेक पीक जुळवा, मग एकातून दुसरा वजा करा. उरलेल्या रेषेत जे डोकं वर काढेल ते तुमच्या नमुन्यातली अशुद्धी. औषधांच्या ओळखीसाठी इंडियन फार्माकोपिया अशीच प्रमाण नमुन्याशी तुलना करायला सांगते. मिश्रणात काही टक्क्यांची भेसळ आयआरला निसटू शकते, आणि डावा-उजवा आयसोमर तर त्याला वेगळा दिसतच नाही. म्हणून जमेल तेव्हा प्रोटॉन एनएमआर जोडा. मिथाइल बेंझोएटमध्ये ३.९ पीपीएमला तीन हायड्रोजनांचं एकच सरळ पीक येतं.

मग बाटलीला नवं लेबल लावा. नाव, तारीख, आणि खाली बारीक अक्षरात: ‘आयआर १७२४, १२७९, १११२, ७११, २७४० नाही, रेणुभार १३६, स्पेक्ट्रमची फाइल क्रमांक अमुक.’ पुढच्या वेळी ही बाटली ज्याच्या हाती येईल, त्याला आपण नाव कशावरून लिहिलं ते पुन्हा तपासता येईल.